आरे-वारेच्या उतारावर

मी एक जुना लष्करी ट्रक आहे. मित्रांनो, लढाई संपल्यावर मला लिलावात विकले आणि मी रत्नागिरीजवळ जांभा दगड काढणाऱ्या एका चिरेखाणीवर आलो. माझी पुढची चाके फार जड. ती वळवायला एक पंप तेलाचा दाब देई, म्हणून माझा ड्रायव्हर मन्सूर एका हाताने स्टेअरिंग फिरवी आणि लोक कौतुकाने बघत राहत. पुढे तेलाच्या नळ्या जुनाट झाल्या, पंप कण्हू लागला. मन्सूरने मालकाला अनेकदा सांगितले. मालक म्हणे, "चालतोय ना? मग चालू दे."

एका दुपारी खाणीत दरड कोसळली आणि कामगार बाबल्याचा पाय चिरडला. त्याची बायको तुळसा आणि भाऊ रावजी यांनी त्याला माझ्या हौद्यात निजवले. मन्सूरने मला रत्नागिरीच्या दवाखान्याकडे पिटाळले.

आरे-वारेच्या उतारावर एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र. पहिल्याच वळणावर स्टेअरिंग दगडासारखे घट्ट झाले आणि मग अचानक सैल सुटले. माझे चाक कड्याची माती उडवत गेले. मन्सूरने कसाबसा ब्रेक लावला, चाकांखाली दगड सरकवले आणि बॉनेट उघडले.

"रगत थांबत नाय, मन्सूरभाय. गाडी कशाला थांबवलीत?" तुळसा हौद्यातून ओरडली.

"अशीच नेली तर कोणीच पोचायचा नाय, वहिनी."

माझे तेल फेसाळले होते. नळीला चीर पडून हवा आत शिरत होती. मन्सूरने चिंधी आवळून बांधली, पण फेस जाईना.

"दाब येतो नि जातो. असला भरवसा नको," म्हणत त्याने पंपाचा पट्टाच काढून टाकला. "आता स्टेअरिंग जड जाईल, पण एकसारखं जड. रावजी, पुढं ये. मी सांगीन तेव्हाच जोर लाव."

मग दोघे मिळून माझे स्टेअरिंग ओढू लागले. प्रत्येक वळणाला त्यांच्या दंडाच्या शिरा फुगत. एकदा रावजीचा घामेजलेला हात निसटला, तेव्हा मन्सूरने छाती टेकवून स्टेअरिंग धरून ठेवले. मागे तुळसा जखमेवर पदर दाबून बसली होती.

आम्ही पोचलो. बाबल्याचा जीव वाचला, पाय मात्र कापावा लागला. दुसऱ्या दिवशी मन्सूरने मालकापुढे किल्ली ठेवली. नळ्या बदलेपर्यंत त्याने मला हात लावला नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही, कण्हता येते. ते कण्हणे वेळेवर ऐकत जा. न थांबता पोचलो असतो तर बाबल्याचा पाय वाचला असता का, ते डॉक्टरांनी सांगितले नाही. तुळसानेही कधी विचारले नाही.