रोज पुसला जाणारा गोल

शाळेत तुम्ही रोज पाहता तसलाच मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण माझ्यासमोर मुलं कधी बसली नाहीत. माझ्यासमोर माणसं उभी राहायची. आजवर दुसऱ्यांनी लिहिलेलंच मी दाखवत आलो. स्वतःचं असं काही सांगण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते मला नीट जमेल याची खात्री नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म इंदूरच्या एका कापड मिलच्या सुतारखान्यात झाला. विलायतेहून यंत्रं ज्या खोक्यांतून आली होती, ती खोकी मोडून मारुती मिस्त्रीने मला जोडलं. रंधा मारला, काळा रंग दिला, आणि वाळल्यावर तळहात फिरवून तो म्हणाला, "आता याच्यावर खडू बोलेल." मग मला फाटकाजवळ, टाइम ऑफिसच्या भिंतीवर टांगलं. उद्या कुठली पाळी आहे, सुट्टी कधी, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांकीच्या, म्हणजे देखाव्याच्या, कामाला कुणी थांबायचं, सगळं माझ्यावर हिंदीत लिहिलं जाई. लोक येत, वाचत, जात.

फळ्याला डोळे नसतात, पण नजर कळते. वाचणाऱ्याची नजर अंगावर येऊन टेकते आणि वाचून झालं की उचलली जाते. ती उचलली गेली की हलकं वाटतं. माझं सगळं आयुष्य त्या टेकण्या-उचलण्यात गेलं. माझ्यावर लिहिलेलं खरं असतं, असं लोक मानत. कुणी भांडलं तर दुसरा त्याला म्हणे, "जा, बोर्ड देख ले." याहून मोठं कौतुक मला ठाऊक नाही.

आणि मग एके दिवशी, भर सकाळपाळीत, मिलची वीज गेली. कुणीतरी अधिकारी आत सांगून गेला की फाटकाशी जाऊन थांबा, सूचना लागेल. सगळे बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. दुपारपाळीचे लोक फाटकाबाहेर होते, त्यांना कुणी आत घेतलं नाही. त्या दिवशी मी कोरा होतो. संध्याकाळ झाली तरी कोराच होतो. शेवटी पोलिसांनी फाटक रिकामं केलं. मिल पुन्हा चालू झालीच नाही. माणसं गेली, पण नजरा उचलल्या गेल्या नाहीत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला?

पुढची वर्षं अंधाऱ्या गोदामात गेली. वाळवीने एक कोपरा खाल्ला. मिलचा लिलाव झाला तेव्हा मी भंगारवाल्याकडे पोहोचलो आणि तिथून मला मंजुषाने घेतलं.

मंजुषा नंदानगरात वडिलांबरोबर राहत होती. आई बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. सांवेर रोडवरच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात ती माल रवाना करण्याचं काम बघायची. कारखाना नव्या मालकांकडे गेला होता आणि त्यांचं म्हणणं होतं की काम कसं चालतं ते माणसांच्या डोक्यात नको, आखून दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी एक परीक्षा होती, बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंटची. जो ती पास होईल त्याचं काम राहील, इतरांना मार्चनंतर यायचं नाही. घर तिच्यावरच होतं. म्हणून ती जाडजूड पुस्तक आणून रोज आकृत्या काढायची. त्या आकृत्या लांबच लांब जायच्या, वहीत मावायच्या नाहीत. म्हणून मी.

मी कुठला आहे हे तिला माहीत नव्हतं. तिच्या वडिलांना, नानांना, मात्र बघताक्षणी कळलं. ते त्याच मिलमध्ये विणकर होते. त्यांनी माझ्या चौकटीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाठ होणार नाही अशी आपली खाट सरकवून घेतली.

मला नवं काम आवडलं. सुरुवातीला एक बारीक गोल. मग चौकोन, म्हणजे एकेक काम. जिथे काही ठरवायचं असेल तिथे शंकरपाळ्यासारखी आकृती. प्रत्येक माणसाचा वेगळा पट्टा, आणि एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाणारे बाण. सगळ्यात शेवटी एक जाड गोल. काम संपलं.

कारखान्यातल्या स्टोअरमधला रजत रविवारी अभ्यासाला यायचा. तोही याच परीक्षेला बसणार होता.

"सांग, वेटिंग टाइम म्हणजे काय?" तो पुस्तक मिटून विचारी.

"भंवरकुआंच्या चौकात नगरसेवेच्या बसची वाट बघणं."

"अरे वा, तू तर टॉपर निघशील. नाना, ही पास झाल्यावर पोहे-जलेबी तुमच्याकडून हं!"

नाना माझ्याकडे बघत होते. "आधी पाळी तर सुटू दे," ते म्हणाले.

रजत हसला. मंजुषाला हसू आलं नाही. तिने फळ्याकडे पाहिलं आणि ती एकदम चिडली. "रजत भिया, फालतूगिरी नको हं. शेवटचा गोल का पुसलास?"

"मी? हातपण नाही लावला, कसम से."

"मग काय आपोआप गेला?"

"तुझा खडूच बेकार असेल यार. दुसरा काढ ना, इतकं काय त्याच्यात?"

"इतकं म्हणजे? प्रत्येक रस्ता शेवटाला पोहोचला पाहिजे. शेवट नाही तर मार्क नाही."

तिने दुसरा गोल काढला. खडू दाबून, चांगला जाड.

खडूचा दोष नव्हता, मित्रांनो. गोल कसा गेला ते मला ठाऊक होतं. दुपारी, सकाळची पाळी सुटायची जी वेळ, त्या वेळी, लख्ख उन्हात, खोलीत फक्त नाना असताना माझ्यावर एक नजर येऊन टेकली होती. ओळखीची. मग तिच्या शेजारी दुसरी, तिसरी, मग सगळ्याच. तेलाचा वास आला. मग कुणाचा तरी खरखरीत तळहात त्या गोलावर आला आणि त्याने गोल पुसून टाकला. अगदी सावकाश, रागावून नव्हे. झोपलेल्या लेकराचं तोंड पुसावं तसा. बाकीच्या आकृतीला त्याने धक्काही लावला नाही.

मग ते रोजचंच झालं. मंजुषा कामावरून आली की गोलाच्या जागी काळा डाग असे आणि खडू ठेवायच्या पट्टीवर कापसाची तूस पडलेली असे. ती तूस फुंकरीने उडवून टाकायची आणि गोल परत काढायची. काही दिवसांनी तिने कुणाला दोष देणं सोडून दिलं. मला त्याची जास्त भीती वाटली.

परीक्षेआधी, ती दोघं जात त्या पलासियातल्या क्लासमध्ये सराव पेपर झाला. त्याचा निकाल घेऊन ती आली तेव्हा रजत बरोबर होता. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"सर सगळ्यांसमोर काय म्हणाले माहिती आहे?" ती म्हणाली. "म्हणे मंजुषाजी, तुमची माणसं कामावर येतात, मग घरी जातच नाहीत का? सगळा क्लास हसला."

"मीपण हसलो, सॉरी," रजत म्हणाला. "पण एकाही आकृतीला शेवट नाही, म्हणजे हद्द झाली ना!"

"मी काढला होता रजत. प्रत्येकीला."

"टेंशनमध्ये असं वाटतं गं."

"हे बघ." तिने पेपर उजेडात धरला. जिथे शेवट असायला हवा तिथे कागद झिजून पातळ झाला होता, अंगठ्याने पुनःपुन्हा घासावा तसा. "पेनाने काढला होता. पेनाचं कोण पुसतं?"

रजतने कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. चहा न घेताच तो निघाला. दारातून म्हणाला, "हा फळा विकून टाक, यार."

परीक्षा दोन दिवसांवर आली होती. मंजुषाने सुट्टी घेतली. त्या दुपारी ती खडू हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली आणि वेळ होत आली तशी तिने एकच गोष्ट काढली, तो जाड गोल. मग ती एक पाऊल मागे सरली.

नजरा आल्या. उंबऱ्याशी चपला घासल्याचा आवाज झाला. तो तिनेही ऐकला, कारण तिने वळून पाहिलं. दारात ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. ती परत वळली तेव्हा गोल एका बाजूने फिका होत होता. तिच्या डोळ्यांदेखत.

ती ओरडली नाही. नाना खाटेवरून उठून माझ्या चौकटीवर हात ठेवून उभे होते.

"नाना, कोण आहे?"

"आपलेच लोक. सकाळपाळीचे."

"काय पाहिजे त्यांना?"

"काय पाहिजे म्हणजे? घरी जायचंय."

"मग गोल का पुसतात? मी तेच तर सांगते आहे. संपलं, जा."

"तू सांगून काय होतं?" नाना समजावणीच्या सुरात म्हणाले, जणू ती अजून लहान होती. "लूम असा सोडून थोडंच जाता येतं, बेटा. पाळी सुटली की दुसऱ्या पाळीचा माणूस येतो, लूमवर हात ठेवतो. तुझाही हात, त्याचाही हात. धागा कुठे तुटतो, पट्टा कुठे सरकतो ते तू त्याला सांगायचं. मग तो म्हणतो, 'लिया.' तेव्हा आपण हात काढायचा. त्याच्याआधी नाही. बायको मरायला टेकली तरी नाही."

"आणि मिल बंद पडली त्या दिवशी?"

"त्या दिवशी समोरचा आलाच नाही. कुणी 'लिया' म्हटलं नाही."

मिलच्या फाटकावर मी इतकी वर्षं होतो, पण आत लूमवर काय चालतं ते मला कधी दिसलं नव्हतं. ते मला त्या दिवशी, मंजुषाबरोबरच कळलं.

 मग तिने माझ्यावर दोन पट्टे आखले, वरचा सकाळपाळीचा. वरच्यातून खालच्यात बाण नेला. काम एकाच्या पट्ट्यातून निघालं म्हणून संपत नाही, पुढच्याने ते घ्यावं लागतं, हे तिने पुस्तकात कितीदा तरी वाचलं असेल. खालच्या पट्ट्यावर तिने स्वतःचं नाव लिहिलं. खडू खाली ठेवला आणि नानांच्या हातासमोर, माझ्या दुसऱ्या बाजूला, आपला हात टेकवला.

"विचार करून बोल हं," नाना म्हणाले. "लिया म्हटलं की ते तुझं. मग तुला सोडवायला कोण येणार?"

"परवा पेपर आहे, नाना. तो गेला तर आपलं काय?" तिने ओठांवरून जीभ फिरवली. "सांगा त्यांना. लिया."

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते मला शब्दांत धरता येत नाही. एक नजर उचलली गेली. मग दुसरी. गोदामातल्या अंधारात, भंगारात, वाळवीत ज्या माझ्यावर टेकून होत्या, त्या सगळ्या एकेक करत उठल्या. उंबऱ्याशी चपला वाजल्या आणि बाहेर गल्लीत ऐकू येईनाशा झाल्या. सगळ्यात शेवटी नानांनी हात काढला. ते खाली बसले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "मंजू, भूक लागली गं. काही आहे का?"

मंजुषाने गोल काढला. तो राहिला.

ती परीक्षा पास झाली. कारखान्यात तिच्या आकृत्या भिंतींवर लागल्या. नाना रस्त्यावरच्या लोकांशी बोलायला लागले, भाजी आणायला लागले. रजत पोहे-जलेबी घेऊन आला आणि ती त्याने एकट्यानेच संपवली. इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पण काम सुटल्यावर मंजुषाला टेबल सोडता येईना. माणसं निघून जात आणि ही टेबलावर हात ठेवून उभी राही. रजतने हे हसत हसत आमच्याकडे येऊन सांगितलं. "नाना, ही चौकीदार झाली आहे! शेवटी मी हात ठेवून म्हणतो, लिया माझी आई, लिया, जा आता! तेव्हा कुठे निघते." मंजुषाही हसली होती. पुढच्या वर्षी रजतला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला. त्याच्या जागी जो आला त्याला तिने काही सांगितलं नाही. लाज वाटली असेल.

आता ती संध्याकाळची फार उशिरा येते. रविवारी, सकाळची पाळी सुटायच्या वेळी, माझ्यासमोर उभी राहते. माझ्यावर काही लिहिलेलं नसतं. तिची एकटीची नजर असते, पण तिचं वजन मला सगळ्यांइतकं लागतं. परवा नानांनी तिच्या हातावर हात ठेवला. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"म्हणा ना, नाना," ती म्हणाली.

"मी तर सुटलो ना गं," नाना म्हणाले. "सुटलेल्याचं 'लिया' चालत नाही."

मित्रांनो, जुन्या फळ्यांना जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं काय, मी लाकूड आहे. पण उद्या तुम्ही कुठेतरी कामाला लागाल. तिथे तुमच्या आधीचं कुणी टेबलाशी, यंत्राशी, दाराशी उगाच रेंगाळताना दिसलं तर त्याला हसू नका. त्याच्या हाताशेजारी हात ठेवा. काय तुटतं, काय सरकतं ते ऐकून घ्या. आणि मग घेतलं म्हणून सांगा, मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं. ते माझ्यावर लिहून भागत नाही. मी फळा आहे, मला माहीत आहे. ते बोलावंच लागतं.