खांद्यावरचे दोन केस

लेकीने फोटो बाबांच्या हातात सुलटा केला आणि माशीच्या खांद्यावरच्या दोन बारीक खड्ड्यांवर पेन्सिलीचं टोक टेकवलं. आता दिसलं नाही म्हणायची सोय त्यांना उरली नाही.

चाळीस वर्षांपूर्वी संग्रहालयात नोकरीला असताना बाबांनी या माश्यांची वेगळी प्रजाती मांडली होती. जवळच्या जातींचं एक स्वतंत्र घराणंच म्हणा ना. कारण एकच. त्यांच्यासारख्या बाकी सगळ्या माश्यांच्या खांद्यावर दोन राठ केस असतात, यांच्या नव्हते. प्रजातीला त्यांनी आईचं नाव दिलं. तेव्हापासून घरी आलेला एकही पाहुणा ही हकीकत ऐकल्याशिवाय सुटला नव्हता. आता त्याच संग्रहालयात, बाबांच्याच जुन्या टेबलावर काम करताना लेकीला त्या नमुन्यांवर केसांच्या मुळांचे खड्डे सापडले. केस होते, नंतर झडले होते. म्हणजे घराणंच खोटं, आणि हे छापल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बाबांनी भिंग खाली ठेवलं. पुसताना गेलेत, ते स्वतःच म्हणाले. त्या काळी आई रोज दुपारी संग्रहालयात यायची, तीही बिनपगारी, आणि बुरशी धरलेले नमुने ब्रशने साफ करायची. स्वच्छतेचं तिला भारीच वेड. शे-सव्वाशे माश्या तिने लख्ख करून ठेवल्या होत्या. बाबांनी हौसेने दोन-चार पुसल्या असतील तेवढ्याच.

"कारण द्यावं लागेल ना?" त्यांनी विचारलं.

"लागेल, बाबा. केस कशाने गेले ते सांगितल्याशिवाय कोण मानणार?"

"मग ब्रश माझ्या हातात होता असं लिही."

"पण ते खरं नाही."

"प्रजाती जाऊ दे. माझं एवढं ऐक."

लेकीला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि दोघांचे चेहरे बघून काय झालं म्हणून खोदून खोदून विचारू लागली. बाबांनीच एका दमात सांगून टाकलं. तिच्या नावाची प्रजाती रद्द होतेय. नमुने साफ करताना केस मीच घालवले, म्हणाले.

आई खुर्चीत टेकली. फोटो जवळ ओढून तिने तो बराच वेळ न्याहाळला. लेक खाली मान घालून बसली होती.

"तरी मी सांगत होते," आई शेवटी म्हणाली, "हात जरा हलका ठेवा म्हणून."

"सांगत होतीस खरी," बाबा म्हणाले. "मीच ऐकलं नाही."