पुतळाबाईंचा कोयता आणि क्षिप्राची गिटार

नेरूळच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दोन शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू यायचे. "उजवा हात!"

म्हणणाऱ्या जयमालाबाई, आणि ऐकणारी त्यांची मुलगी क्षिप्रा. देवाचा प्रसाद घेताना, पाहुण्यांना पाणी देताना, शेजारणीकडून वाटी परत घेताना क्षिप्राचा डावा हात आधी पुढे यायचा, आणि आईचा आवाज त्याच्याही आधी. जयमालाबाई काही दुष्ट बाई नव्हेत. मुलीला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी आई ती. पण त्यांना त्यांच्या आईने सांगितलं होतं, त्यांच्या आईला तिच्या सासूने, की डावखुऱ्या मुलीचं सासरी हसं होतं. म्हणून क्षिप्रा तीन वर्षांची असताना त्यांनी तिचा डावा हात रुमालाने कमरेशी बांधला होता. जेवताना एक तास, चित्र काढताना एक तास. महिन्याभरात पोर "सुधारली". आपल्यापैकी किती घरांतून असे रुमाल निघतील, सांगा बरं!

क्षिप्रा आता वीस वर्षांची, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. उजव्या हाताने लिही, उजव्या हाताने जेवी. आणि कॉलेजातल्या एका सीनियरकडून घेतलेली जुनी लाल इलेक्ट्रिक गिटारही ती जगासारखीच धरी: डावा हात लांब मानेवरच्या पट्टीवर, उजवा तारांवर. चार वर्षं शिकत होती. सर म्हणायचे, "बोटं चांगली आहेत तुझी, पण छेडणारा हात मागे राहतो. ताल येतच नाही वेळेवर."

फक्त स्वप्नात ती मागे राहत नसे.

स्वप्न नेहमी एकच. खाडीचं पाणी, वारा पडलेला, काठावर गुलाबी पक्ष्यांचा थवा एका पायावर उभा. क्षिप्रा एका होडीत बसलेली, मांडीवर गिटार, आणि हातातून एक धून निघतेय, पाणी उताराकडे जावं तशी, न विचारता, न अडता. पक्षी माना वळवून ऐकायचे. जाग आली की ती धावत गिटार घ्यायची. पहिला सूर सापडे, दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्यापाशी उजवा हात अडखळे आणि धून गेली ती गेलीच! ही धून तिने कुणालाच सांगितली नव्हती. ती जगात कुठे ऐकलेली नव्हती, म्हणजे ती तिचीच असणार, आणि जागेपणी एकदा तरी ती पूर्ण वाजवायची, एवढंच तिला आयुष्याकडून हवं होतं.

वडील नंदकुमार बेलापूरला एका कचेरीत. त्यांना वाटलं, दोष गिटारचा. मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी थेट परदेशी वादकाची सही असलेली गिटार आणली! वादकाचं नाव मी सांगत नाही, त्याचे भक्त माझ्या दारात यायचे. काळीभोर, चकाकती, पट्टीवर शिंपल्याच्या तुकड्यांत त्याची सही जडवलेली. त्याला हवी तशी जाड मान, त्याला हवी तशी बटणं, त्याला हवा तसा आवाज. नंदकुमारांनी फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पन्नास अंगठे आले.

"बाबा, सेम तोच साऊंड येणार!" क्षिप्राने गिटार छातीशी धरली. त्या दुपारी ती खरोखर हवेत होती.

आठवड्याभरात जमिनीवर आली. त्या वादकाचा पंजा सुपाएवढा, क्षिप्राचा नाजूक. जाड मान पकडून पकडून मनगट दुखू लागलं. उजवा हात होता तिथेच मागे. आणि वाईट म्हणजे स्वप्नातली धून पुसट होऊ लागली. पक्षी दिसत, पाणी दिसे, पण गिटारचा आवाज जणू बंद खिडकीपलीकडून येई. एके सकाळी उठली तेव्हा चौथा सूरही आठवेना. ती पलंगावर बसून राहिली. एवढी महागाची गिटार शेजारी, आणि आपलं एकुलतं एक गाणं आपल्याला सोडून चाललंय, हे कुणाला सांगणार?

त्या रविवारी जयमालाबाई तिला घेऊन मासे आणायला गेल्या. मार्केटच्या कोपऱ्यावर दिवाळे गावच्या पुतळाबाई बसत. गेली दहा वर्षं या घरात मासळी यायची ती पुतळाबाईंचीच. साफ करून, तुकडे करून पिशवी पुढे आली, आणि हरवलेल्या सुराच्या विचारात असलेल्या क्षिप्राने ती डाव्या हातात घेतली.

"उजवा हात!" जयमालाबाई म्हणाल्या. "सुट्टीचा दिवस, लक्ष्मी असते ती घरात येणारी."

क्षिप्राने गपकन हात बदलला. पुतळाबाई हसल्या.

"काय गो पोरी, डावरी हायस ना तू?"

"होती," जयमालाबाईंनीच उत्तर दिलं. "लहानपणीच मोडली सवय."

"मोडली कुटं? लपली नुसती." पुतळाबाईंनी कोयता फडक्याला पुसला. "बाई, एक इचारू? धा वर्सं माझ्याकरनं म्हावरं घेताव. मी कंच्या हातानं कापते, कदी बगलंव?"

जयमालाबाईंनी पाहिलं. कोयता पुतळाबाईंच्या डाव्या हातात होता. आजच नव्हे, दहा वर्षं तो त्याच हातात होता! मुलीच्या बारावीच्या पेढ्यांआधीची सुरमई, नवऱ्याच्या बढतीचं पापलेट, माहेरच्या माणसांना वाढलेली कोळंबी, सगळं त्या डाव्या हाताने निवडलं, कापलं, दिलं होतं. आणि माहेरची माणसं बोटं चाटत उठली होती!

"मी... लक्षच दिलं नाही कधी," त्या पुटपुटल्या.

"कसं देनार? चव बगितलीव, हात न्हाय." पुतळाबाई रागावल्या नव्हत्या, उलट मजेत होत्या. "लगीन होऊन आले तवा सासूबी अशीच बोलायची. उजव्यानं काप, उजव्यानं काप. दोनदा बोट कापलं. आता कोयत्याला धार एकाच अंगाला आसते, ती उजव्या हाताच्या हिशेबानं. डाव्यात धरला तर तिरका जातो. सासूला वाटलं पोरीला काम येत न्हाय. माझा घरवाला सुतार मानूस, होड्या बांधतो. त्यानं गप कोयता उचलला आनि धार दुसऱ्या अंगाला काढली. त्या दिसापासून कोयता माझं ऐकतो." त्यांनी क्षिप्राकडे पाहिलं. "हत्यार हाताला बसवायचं आसतं गो. हात हत्याराला न्हाय."

दोघी परत निघाल्या, पण क्षिप्रा रस्त्यातच थांबली. माणसं तिला धक्के देत पुढे जात होती आणि ती डोळे मिटून स्वप्नातली होडी बघत होती. पाणी, पक्षी, मांडीवरची गिटार. ती गिटार कुठल्या बाजूला वळली होती? इतक्या वर्षांत तिने हे स्वतःला विचारलंच नव्हतं!

"आई," ती म्हणाली, "स्वप्नात मी उलटी धरते. स्वप्नात मी डाव्या हाताने वाजवते!"

वाटेत जयमालाबाईंनी पिशवी मात्र स्वतःच धरली.

पुढच्या शनिवारी क्षिप्रा दोन्ही गिटारी घेऊन दिवाळ्याला गेली. देवजीकाकांची, म्हणजे पुतळाबाईंच्या नवऱ्याची शेड खाडीला लागून. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, लाकडाचा भुसा, आणि मधोमध अर्धी बांधलेली होडी. क्षणभर तिला वाटलं आपण झोपेतच आहोत.

देवजींनी आधी काळी गिटार हातात घेतली, फिरवून पाहिली. "ह्यो कोन बाबा? ह्याचं नाव का लिवलंय?"

"खूप मोठा वादक आहे, काका. त्याच्यासाठी बनवलेल्या गिटारची कॉपी आहे."

"मंग त्याच्याच मापाची आसनार. चांगली हाय, काम सोन्यासारखं केलंय." त्यांनी ती जपून खोक्यात ठेवली. "मी होडी बांधतो तवा धन्याला आदी फळीवर बसवतो. हात केवडा, बसतो कसा, जोर कंच्या खांद्याचा. मंग वल्ह्याचा दांडा तासतो. आता इंजिनं आली, पन वल्हं लागतंच. दुसऱ्याच्या मापाचं वल्हं घेतलं तर होडी चालते, खांदा जातो. तुजा खांदा कंचा?"

क्षिप्राने डावा हात पुढे केला. कुणीतरी विचारलं म्हणून तो हात पुढे आला, असा हा पहिलाच प्रसंग असावा.

जुन्या लाल गिटारला दोन्ही बाजूंना शिंगांसारखी सारखीच टोकं होती, ती उलटी धरली तरी मांडीवर नीट बसे. तारा काढून उलट क्रमाने लावायच्या, पट्टा अडकवायची खुंटी दुसरीकडे न्यायची, हे क्षिप्राने व्हिडिओत पाहिलं होतं. अडचण एकच. मानेच्या टोकाला तारा बसतात ती छोटी खाचांची पट्टी. जाड तारेच्या खाचेत बारीक तार खुळखुळे. ती नवीनच हवी होती. देवजींनी लाकडाचे दोन तुकडे पाहिले, मान हलवली. मग पुतळाबाई आत गेल्या आणि एक मोडका कोयता घेऊन आल्या. पातं झिजून गेलेलं, मूठ मात्र शाबूत. म्हशीच्या शिंगाची, काळी, आणि एका बाजूने डाव्या पंजाच्या आकाराने गुळगुळीत झालेली.

"हाच तो पयला, धार फिरवलेला," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्सं वापरला. घे, ह्याला सवय हाय."

देवजींनी मुठीतून बोटाएवढा तुकडा कापला, कानशीने घासला, सहा खाचा पाडल्या. क्षिप्रा एकेका खाचेत तार बसवून बघत होती. दुपारभर दोघं त्यातच होती. बाहेर ओहोटीची भरती झाली.

आता तुम्हाला वाटेल, तिने गिटार उचलली आणि धून वाजली. छे! ज्या बोटांना चार वर्षांत घट्टे पडले होते ती डावी बोटं आता नुसती तारा छेडणार, आणि पट्टीवर आली उजवी, लोण्यासारखी मऊ. बोटं सोलली. साधा सरगम ऐकवत नव्हता. नंदकुमारांनी एकदा दबकत विचारलं, "बेटा, ती सहीवाली परत ट्राय करायची का?" क्षिप्रा हसली. काळी गिटार तिने तिच्या चुलतभावाला, वरदला दिली. वरदचे पंजे मोठे, वळण उजव्या हाताचं, आणि त्या वादकावर तो जीव टाकायचा. त्याच्या मांडीवर ती अशी बसली की बघत राहावं. सहीची गिटार वाईट नव्हतीच, ती तिची नव्हती इतकंच. पण लाल गिटारवर एक गोष्ट बदलली होती, आणि क्षिप्राचे सर पहिल्याच दिवशी दचकले. सूर कच्चे होते, ताल मात्र ठोक्यावर पडत होता.

या सगळ्या दिवसांत "उजवा हात" हे शब्द घरात ऐकू येईनासे झाले. एकदा क्षिप्राने पाहिलं, आई स्वयंपाकघरात एकटीच, डाव्या हाताने कांदा चिरून बघत होती. चिरला जात नव्हता. आईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कांद्याचं नव्हतं.

चार महिने गेले. माघातल्या एका दुपारी क्षिप्रा आईबाबांना दिवाळ्याच्या धक्क्यावर घेऊन गेली. देवजींची होडी पुरी झाली होती, किनाऱ्याला बांधलेली. ती तिच्यात बसली. बॅटरीवर चालणारा गिटारचा छोटा स्पीकर फळीवर ठेवला. लांब चिखलात गुलाबी पक्षी खरोखरच उभे होते.

पहिला सूर. दुसरा, तिसरा, चौथा. क्षिप्राने डोळे मिटले. डावा हात आपल्या आपण खाली आला, आणि पाचवा सूर वाजला! त्यामागून सहावा, सातवा, मग मोजायचं कारणच उरलं नाही. धून खाडीवरून पसरत गेली, वळली, परत आली, आणि जिथून निघाली होती तिथेच येऊन अलगद टेकली. पक्ष्यांनी माना वळवल्या की नाही, मला माहीत नाही. पुतळाबाईंनी मात्र हातातली टोपली खाली ठेवली होती.

जयमालाबाई नवऱ्याच्या खांद्याला धरून उभ्या होत्या. "हे तिच्या आत होतं," त्या म्हणाल्या. "एवढं सगळं आत होतं, आणि मी रुमालाने बांधून ठेवलं होतं हो!"

त्या धक्क्याच्या कडेला आल्या. पिशवीतून घरी केलेला तिळाचा लाडू काढला आणि वाकून लेकीपुढे धरला. क्षिप्राने सवयीने उजवा हात पुढे केला.

"तो नको," जयमालाबाई म्हणाल्या. "तुझा दे."

क्षिप्राने डाव्या हातात लाडू घेतला.

मंडळी, मोठ्या माणसाची सही आपल्या हातातल्या वस्तूवर असली म्हणून आपला हात मोठा होत नाही, आणि साऱ्या जगाचा हात एका बाजूचा असला म्हणून आपल्या लेकराचा हात चुकीचा ठरत नाही. पोरांना दुसऱ्याच्या मापात कोंबण्यापेक्षा त्यांच्या मापाचं हत्यार करून देणं कठीण नसतं. त्याला लागते एक कानस, एक दुपार आणि थोडं लक्ष. आज घरी गेल्यावर मुलांना खाऊ द्याल, तेव्हा बोलू नका काही. कुठला हात पुढे येतो ते बघा, आणि त्याच हातावर खाऊ ठेवा.