गावाबाहेर गेलेलं भाषण

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. निडी स्टेशनपासून भाताच्या खाचरांमधून एक वाट आत जाते. त्या वाटेच्या शेवटी असलेल्या गावातल्या दोनच मुली तेव्हा रोह्याच्या कॉलेजात जात होत्या, महिपतीची मालू आणि गुणाजीची मैना. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या, एकमेकींच्या घरी जेवून तिथेच झोपी गेलेल्या. पण त्या वर्षी सकाळी स्टेशनाला निघताना एक पुढे असायची आणि दुसरी बरीच मागे. गुणाजीचं घर गावाने वाळीत टाकलं होतं.

देवळाकडे जाणारा नवा रस्ता गावकीने गुणाजीच्या खाचरातून काढला. बांध फोडला, त्याला विचारलंसुद्धा नाही. गुणाजी तसा कमी बोलणारा माणूस, पण तो रोह्याला जाऊन मामलेदार कचेरीत अर्ज देऊन आला. मग रस्ता राहिला बाजूला आणि गावचं भांडण गावाबाहेर नेलं हाच गुन्हा ठरला. शिमग्याला होळीपुढे गावकी बसली, मधे गावचे पुढारी हैबतराव. त्या घराशी कोणी बोलायचं नाही, देणंघेणं ठेवायचं नाही, विहिरीवर त्यांचा हंडा लागू द्यायचा नाही. जो बोलेल तोही वाळीत.

सखाच्या गिरणीवर मैना दळण घेऊन गेली तेव्हा पट्टा फिरत होता, पिठाचा धुरळा उडत होता. त्या आवाजात सखा तिच्याकडे न बघता ओरडला, "गिरण बंद हाय!" तेव्हापासून गुणाजी दळण सायकलला बांधून कोलाडला न्यायला लागला. लावणीला सगळं गाव एकमेकांच्या खाचरांत राबतं. त्या पावसात गुणाजीच्या खाचरात तो, त्याची बायको आणि मैना एवढीच माणसं वाकलेली दिसायची. मालू शेजारच्याच खाचरात होती, मध्ये एक बांध होता. बापाने सकाळीच तिला बजावलं होतं, "तिकडं मान वळवू नको." तिने वळवली नाही. पण चिखलात रोप खोचताना पलीकडून मैनेच्या हातातल्या काकणांचा आवाज येत होता, तो तर ऐकू येणारच.

गाडीतही बोलायची सोय नव्हती. गावातले पुरुष कंपनीच्या शिफ्टला त्याच गाडीने जायचे. रोह्याला ते स्टेशनाबाहेर पडून कंपनीच्या बसमध्ये चढले की मैना पायातल्या चपलेचं निमित्त करून थांबायची आणि मालू तिला गाठायची. मग कॉलेजच्या फाटकापर्यंत दोघींच्या तोंडाला खळ नसायचा. संध्याकाळी स्टेशन जवळ आलं की बोलणं तुटायचं, कधी कधी अर्ध्या वाक्यावर. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या आणि शेतांतून पोपट्या लागायला लागल्या. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून भाजलेल्या त्या शेंगा मालू फडक्यात बांधून रोह्याला न्यायची. गार झालेल्या शेंगा मैना एकेक सोलून खायची आणि म्हणायची, "मीठ कमी पडलंय गो, कोणी लावली होती?"

त्याच थंडीत मराठीच्या मॅडमनी पेणच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मालूचं नाव दिलं. विषय होता, आधुनिक समाजापुढील ज्वलंत प्रश्न. मालूने वाचनालयात बसून भाषण तयार केलं. हुंडा, लोकसंख्या, बेकारी, नद्यांचं घाण होणारं पाणी. वाक्यं खणखणीत होती, तिला स्वतःलाही आवडली होती. पण पाठ करता करता तिच्या ध्यानात आलं, की ह्या सगळ्या प्रश्नांना दोष द्यायला कोणीतरी लांबचं आहे. सरकार आहे, कारखानदार आहेत, हुंडा मागणारे लोभी लोक आहेत. आणि जो प्रश्न रोज सकाळी तिच्या मागून किंवा पुढून चालत असतो, त्याच्यात तिचा बाप बसलेला आहे, आई बसलेली आहे, ती स्वतः आहे. होळीपुढे ठरावाला हात वर झाले त्यांत महिपतीचाही हात होता. रात्री घरी येऊन तो जेवला नव्हता, पण हात वर केला होता. हे कुठल्या पुस्तकात प्रश्न म्हणून छापलेलं तिला सापडलं नाही.

स्पर्धेला टाळ्या वाजवायला म्हणून मॅडमनी चार मुली सोबत घेतल्या, त्यात मैना होती. पेणच्या सभागृहात गर्दी बरी होती. मालूचं नाव पुकारलं. ती बोलायला लागली आणि हुंड्याचा भाग संपवून बेकारीवर आली तेव्हा तिला मैना दिसली. ती शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली होती, शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या सोडून. पेणमध्ये तिला कोण ओळखत होतं? कोणी तिला ऊठ म्हटलं नसतं. सवयीनेच ती तशी बसली होती.

मालूच्या तोंडातलं पुढचं वाक्य गेलं. जे पाठ केलं नव्हतं ते ती बोलायला लागली. आपल्याच जिल्ह्यात एक गाव आहे, म्हणाली. तिथे चालू गिरणी एका घरासाठी बंद असते. तिथे दोन मैत्रिणींनी बोलायला वीस मिनिटांचा रेल्वेचा प्रवास करावा लागतो. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, रक्त नाही, म्हणून हा प्रश्न कोणाला दिसत नाही. गावाचं नाव तिने घेतलं नाही.

तिला दुसरा नंबर मिळाला. बक्षीस म्हणून शाडूची लहानशी गणेशमूर्ती होती. पेणच्या एका कारखान्याने ह्या मूर्ती दिल्या होत्या, आणि त्या खोक्यातून घेऊन आलेला माणूस व्यासपीठाच्या बाजूला उभा होता. मालूने मूर्ती घेतली आणि मान वर केली, तर तो शिवा होता, तिच्याच गावचा. वर्षातले आठ महिने तो पेणला मूर्तींच्या कारखान्यात रंगकाम करायचा. शिवाने तिच्याकडे पाहिलं आणि खोकी उचलायला वाकला.

बाहेर आल्यावर मालूला वाटलं होतं की मैना तिला मिठी मारेल. मैना भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक.

"तुला कोणी सांगितलं होतं बोलायला?"

"मैने, मला राहवलं नाय गो."

"तुला राहवलं नाय! आबा गेला महिनाभर हैबततात्यांच्या दारात जातोय. माघातल्या उत्सवाला माफी घेतो बोललेत ते. अर्ज पन मागं घेतलाय आम्ही. आयेनं नवस बोललाय. आन् आता शिवानं जाऊन सांगितलं तर? परत गावचं भांडण बाहेर नेलं बोलतील. आम्हीच तुला शिकवलं बोलतील."

"तू मला सांगितलं का नाहीस, माफीचं?"

"काय सांगू? तुला लाज वाटली असती माझी," मैना म्हणाली आणि रडायला लागली.

शिवाने सांगितलंच. वाईट मनाने नाही. आपल्या गावच्या पोरीला बक्षीस मिळालं हे सांगताना बाकीचंही त्याच्या तोंडून निघून गेलं. रविवारी माघातला उत्सव होता, दुपारी महिपतीला देवळात बोलावणं आलं, पोरीला घेऊन ये म्हणून. बायकांनी गावकीत बसायची पद्धत नव्हती, तेव्हा मालूला पायरीवर उभं केलं. महिपती आत खांबाशी बसला. येताना वाटेत तो एकच वाक्य बोलला होता, "तू जे बोलशील ते मी निस्तरीन, पन तुझ्या आयेचा विचार कर." हे ऐकल्यावर मालूला वाटलं, तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

हैबतराव मधे बसले होते. मोठ्याने बोलणारा माणूस नव्हे. मालूच्या बारशाला पाळणा त्यांच्या घरून आला होता आणि ती दहावी झाली तेव्हा त्यांनी स्वतः येऊन पेढे नेले होते.

"घाबरू नको, पोरी," ते म्हणाले. "पेणला बक्षीस मिळवलंस, गावाचं नाव केलंस. आमाला पन ऐकव ते भाषण. आमी काय तिकिट काढून पेणला येनार?"

माणसं हसली. मालूने आजूबाजूला पाहिलं. नव्या रस्त्याच्या कडेला, फणसाच्या झाडाखाली, गुणाजी उभा होता. धुतलेला सदरा, हातात नारळ. त्याला अजून आत बोलावलं नव्हतं. त्याच्या मागे, घराच्या कुडाआडून मैना बघत असणार हे मालूला न बघताही कळत होतं.

ती बोलायला लागली. "अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग..." पुन्हा हसू झालं. हुंड्यावर बोलली तेव्हा विहिरीजवळ उभ्या असलेल्या बायका पुढे सरकल्या. बेकारीवर आली तेव्हा कंपनीत हंगामी लागलेली पोरं म्हणाली, "बराबर!" आणि मग ती जागा आली. मालूच्या घशापर्यंत ते शब्द आले, गिरणी, वाट, गाडी. ते बोलली तर गुणाजीच्या हातातला नारळ हातातच राहणार होता. न बोलली तर ते खरं असूनही कधीच नव्हतं असं होणार होतं. तिला हात कुठे ठेवावे ते कळेना. खांबाशी महिपती जमिनीकडे बघत होता.

"म्हणून मित्रहो," मालू म्हणाली, "ह्या प्रश्नांची सोडवणूक आपण तरुणांनीच केली पाहिजे. एवढे बोलून मी माझे भाषण संपवते."

टाळ्या पडल्या. हैबतरावांनी शिवाकडे मान वळवली. "एवढंच होतं का रे?"

शिवाने मालूकडे पाहिलं, मग फणसाखाली पाहिलं. "व्हय तात्या. एवढंच."

हैबतरावांना सगळं ठाऊक होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांना भाषण ऐकायचं नव्हतं. ती काय गाळते ते ऐकायचं होतं, आणि ते त्यांनी ऐकलं. मग गुणाजीला आत बोलावलं. त्याने नारळ ठेवला, फरशीवर डोकं टेकलं, "चुकलो" म्हणाला. नारळ फुटला, सगळ्यांना वाटला. पायरीवर मालूच्या हातातही तुकडा आला. तिने तो खाल्ला.

संध्याकाळी मैनेच्या अंगणात बायका जमल्या. मालूची आई कृष्णाबाई कांदेपोहे करून घेऊन गेली आणि मैनेच्या आईच्या गळ्यात पडून रडली, मैनेची आईही रडली. ह्या दोघींचं रडणं खरं होतं. दुसऱ्या दिवशीपासून मालू आणि मैना बरोबरीने स्टेशनाला जायला लागल्या. मैना सगळी वाट बोलायची, विहिरीवर कोण काय म्हणालं, सखाने दळण आधी लावून दिलं. मालू हूं हूं करायची. एकदा तिने विचारलं, "तुला राग नाय येत?"

"कोणाचा? आपल्याच मानसांचा?" मैना म्हणाली. "झालं ते झालं. तू परत तो विषय काढू नको हां."

मॅडमनी अलिबागच्या स्पर्धेला नाव देऊ का विचारलं तेव्हा मालूने नको म्हटलं. घरचे नाही म्हणतात का, त्यांनी विचारलं. कोणीच नाही म्हणालं नव्हतं, तसंच तिने सांगितलं. वर्गात सामाजिक समस्या शिकवताना ती वहीत उतरवून घ्यायची, व्याख्या, कारणे, उपाय, आणि उपायांपाशी आली की हात थांबायचा. उपाय सगळे कायद्याचे आणि शिक्षणाचे होते. कायदा गुणाजीने वापरून पाहिला होता. शिक्षण तिच्याकडे होतं.

पुढच्या दिवाळीनंतर गावातल्या सगुणाकाकीवर वाळीत पडायची पाळी आली. तिच्या मुलाने कोलाडला परजातीतल्या मुलीशी लग्न केलं आणि काकीने सुनेला ओवाळून घरात घेतलं. गावकी बसली, ठराव झाला. महिपतीने घरी येऊन सांगितलं की सगळ्यांत आधी हात गुणाजीने वर केला. "काय करील बिचारा," महिपती म्हणाला. "त्याला दाखवायला लागतं."

त्यानंतर एका सकाळी मालू आणि मैना निडीच्या फलाटावर बाकावर बसल्या होत्या. कंपनीचे पुरुष नळाजवळ उभे होते. वाटेवरून सगुणाकाकी धापा टाकत आली, डोक्यावर बोचकं. रोह्याला सुनेला दवाखान्यात ठेवलं होतं तिकडे जायला निघाली असणार. फलाटावर चढून तिने इकडे तिकडे पाहिलं, कोणाकडेच नीट न बघता विचारलं, "गाडी गेली का गो, पोरींनो?"

मैना रुळांकडे बघायला लागली. नळाजवळचं बोलणं थांबलं. काकीने पुन्हा विचारलं नाही. उत्तर मिळणार नाही हे धरूनच तिने विचारलं होतं.

मालूला बापाचा हात दिसला, तोंडाशी न गेलेला घास दिसला, येत्या पावसात आपल्या खाचरात वाकलेली तीनच माणसं दिसली.

"नाय काकी," ती म्हणाली, "अजून यायची हाय. बसा हिकडं."

आणि ती बाकावर सरकली. मैना उठली, पिशवी उचलून नळाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. सगुणाकाकी बोचकं मांडीवर घेऊन टोकाला बसली, कोणी उठवेल ह्या धाकाने बसावं तशी. नळाजवळच्या एकाने दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं, आणि दोघांनी मालूकडे बघितलं.

लांबून इंजिनाची शिटी आली. मालू उठली, काकीच्या बोचक्याला हात लावला आणि डब्यात चढली. गाडी हलल्यावर तिच्या मनात आलं, की संध्याकाळी ह्याच गाडीने परत यायचं आहे.