सात फुटी पोराचा अहवाल

लमॉन्ट गॅड्सडेन अठरा वर्षांचा होता आणि उंची सात फूट एक इंच. दक्षिण कॅरोलिनातल्या त्याच्या शाळेविरुद्ध खेळणारी पोरं त्याच्या खांद्यालाही लागत नसत. त्यामुळे चेंडू वर धरायचा आणि बास्केटमध्ये टाकायचा, यापलीकडे काही शिकायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती.

हार्लन टूमी एका व्यावसायिक संघासाठी खेळाडू हेरायचा. कॉलेजची वाट न बघता शाळेतूनच उंच पोरं उचलायची त्या वर्षांत टूमच निघाली होती. 'उंची काही शिकवून येत नाही,' हे संघाच्या मॅनेजरचं पालुपद. खरंय. पण बाकीचं सगळं शिकवावं लागतं, आणि तेवढा दम कोणाला निघत नाही. पाच वर्षांपूर्वी हार्लनच्याच शब्दावर असा एक पोरगा घेतला होता. तो तेविसाव्या वर्षी खेळातून बाद झाला. प्रेक्षक त्याची टिंगल करताना हार्लन तिथंच बसलेला होता. तेव्हापासून तो ताकही फुंकून पीत असे.

सकाळी चाचणी झाली. अशा चाचणीत पोराला एकट्यालाच खेळवतात, समोर फार तर एक खुर्ची. खुर्चीपुढे लमॉन्ट असा खेळला की मॅनेजर बघतच राहिला. मग हार्लनने व्हर्जिलला पुढे केलं. हा जुना खेळाडू, आता ढेरी सुटलेली, लमॉन्टपेक्षा सहा इंचांनी बुटका. त्याने पोराच्या पाठीत कोपर रुतवलं, आणि पुढचे दहा चेंडू लमॉन्टच्या हातून निसटले.

"बुजलंय पोरगं, दुसरं काही नाही," मॅनेजर म्हणाला. "नव्या पोरांच्या निवडीत आपल्या संघाची पाळी चौथी, तिथंच घेऊ त्याला. संध्याकाळपर्यंत अहवाल दे मला."

दुपारी हार्लन लमॉन्टच्या घरी गेला. त्याची आई ओडेसा नुकतीच कामावरून आली होती. तिने टोमॅटोतला लाल भात पुढ्यात ठेवला.

"मिस्टर टूमी, गोडगोड बोलणारे महिनाभर येतायत. तुम्ही तरी खरं सांगा."

"दोन वर्षं कॉलेजात खेळू दे त्याला, मिस ओडेसा. तिथं धक्के खाईल, शिकेल. निवडीतून नाव मागं घ्यायला आठवडा आहे हातात."

लमॉन्टने चमचा खाली ठेवला. "मी एजंटच्या कागदावर सही केलीय, ममा. रविवारी. चर्च सुटल्यावर, त्याच्या गाडीत."

त्या कागदावर सही झाली की कॉलेजच्या संघाचं दार बंद, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ओडेसाने भाताच्या भांड्यावर झाकण ठेवलं. हार्लनला पोराचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. 'घ्या' लिहावं तर वीस हजार माणसांपुढे त्याची शोभा होणार. 'नको' लिहावं तर निवडीच्या यादीत तो घसरत कुठल्या कुठे जाणार, कदाचित कोणी घेणारच नाही.

"काय लिहायचं ते लिहा," ओडेसा शेवटी म्हणाली. "पण त्याच्या माघारी नको. इथंच बसून, त्याच्यासमोर लिहा."

हार्लनने ताटली सरकवली, लिहिलं आणि कागद पोराच्या हातात दिला.

'हात मऊ, चेंडू अलगद टाकतो. पाय हलके. अजून खेळाडू झालेला नाही. आपण घेऊ नये.'

लमॉन्टने तो दोनदा वाचला.

"हे तुम्ही साहेबांना फोनवर वाचून दाखवणार, सर?"

"हो."

"मग तेवढं 'अजून' गाळू नका."