नव्या यंत्रापुढची मोची

मी एक जुना लोखंडी स्टँड आहे. जपानातल्या साकाई शहरात, सायकलींच्या कारखान्यात, आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढताना चाक ज्याच्यावर चढवतात ना, तोच मी. चाक जरा वाकडे फिरले की माझ्या काट्याला घासते. मग कारागीर तारा आवळून ते सरळ करतो.

मला तोराकिचीसान यांनी घडवले. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या घडत. त्याच भट्टीवर त्यांनी आधी सायकलींचे सुटे भाग केले, युद्धानंतर अख्ख्या सायकली. आधी मालवाहू, मग मुलांच्या, मग शर्यतीच्या! त्या बोटीत बसून परदेशी जायच्या आणि मी इथेच. खरे सांगतो मित्रांनो, एकेकीचा मला हेवा वाटायचा.

पण माझाही मान होता. नव्या वर्षी, कामाच्या पहिल्या दिवशी, मोची, म्हणजे कांडलेल्या भाताचा गोळा, माझ्यापुढे ठेवत, वर एक नारिंग. दुसऱ्या कुणापुढे नाही, बरं का! शिवाय आउट काढणाऱ्या किनुएसान माझ्या होत्या. एकतीस वर्षे त्या गळ्यातल्या पंच्याने मला पुसत आल्या.

मग ते यंत्र आले. बटण दाबले की चाक सरळ! त्या वर्षी मोची त्याच्यापुढे ठेवली. एवढेच नाही, किनुएसाननी त्याला त्याच पंच्याने पुसले. माझ्या पंच्याने! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात शर्यतीचे एक चाक माझ्याकडे आले. "हे नीट झालं तर शर्यतीची चाकं तुमच्याच हाती ठेवू," असे मालक, म्हणजे तोराकिचीसान यांचे चिरंजीव मोरिओ, म्हणाले होते. किनुएसान जीव ओतून तारा आवळत होत्या. आणि मी? मी रागाने काटा केसभर सरकू दिला.

तपासणीत चाक डुगडुगले.

"किनुएसान, डोळे थकले हो तुमचे," मालक हळूच म्हणाले. "उद्यापासून यंत्रावर बसा."

"बरं," एवढेच त्या म्हणाल्या. वाटले, आता मला लाथ बसणार. पण त्या माझ्यापुढे कमरेत वाकल्या.

"माफ कर रे बाबा. यंदा तुला मोची नाही, तेल नाही. घाईत काट्याचा स्क्रूसुद्धा पाहिला नाही. चूक माझीच."

त्यांनी स्क्रू घट्ट केला, तेल घातले आणि मला कोपऱ्यात नेऊन ठेवले. त्यानंतर माझ्यावर एकही चाक चढले नाही.

मित्रांनो, तुमच्या सायकलीला वेळेवर तेल घाला, आणि दुसऱ्याचा मान पाहून जळू नका. दर नव्या वर्षी किनुएसान घरून एवढीशी मोची आणतात, माझ्यापुढे ठेवतात आणि पुन्हा माफी मागतात. ती मोची माझ्याच्याने बघवत नाही. कुणीतरी त्यांना सांगा हो, त्यांचे डोळे अजून चांगले आहेत.