आवाज तेवढा जातो

पडदेवालीच्या घरात पाच स्पीकर होते आणि पाचही मुके होते.

ते तिच्या नवऱ्याने आणले होते. तो ट्रकवर होता. लोकांची घरं एका शहरातून उचलायची आणि दुसऱ्या शहरात नेऊन ठेवायची, हे त्याचं काम. परदेशी निघालेल्या एका कुटुंबाने सामान चढवून झाल्यावर हे काळे डबे त्याच्यापुढे केले. "आमचा रिसीव्हर जळला. आता हे तुम्हीच न्या." त्याने ते हौसेने घरी आणले, तारा हातात धरून बराच वेळ बसला, आणि मग शेजारच्या वायरमनने त्याला समजावलं, की या स्पीकरांच्या अंगात स्वतःचा जीव नसतो. आवाज वाटून देणारं, कुणी कधी काय बोलायचं ते ठरवणारं एक यंत्र मधे लागतं. ते म्हणजे रिसीव्हर. "बघू पुढेमागे," म्हणत ट्रकवाला पुढच्या फेरीला निघून गेला आणि डबे घरात रुळले. एकावर इस्त्री आली, एकावर फोन, दोघांना कापडाचे तागे टेकले. पाचव्यावर सासूबाई पाय ठेवून बसायच्या.

त्या घरात दोघींचंही पोट पडद्यावर चाललेलं. सून खिडक्यांचे पडदे शिवायची. सासूबाईंनी उभी हयात एका थिएटरात डोअरकीपर म्हणून काढली होती. अंधारात टॉर्च दाखवत लोकांना खुर्चीपर्यंत नेऊन बसवायचं. थिएटर बंद पडलं, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांची नजरही गेली. आधी मधलं दिसेनासं झालं, मग कडाही पुसल्या. आता ऊन आणि सावली एवढंच कळायचं. डॉक्टरांनी करण्यासारखं होतं ते केलं होतं. सासूबाईंनी त्याचा बाऊ केला नाही. सुनेच्या मशीनशेजारी बसून कापडाची सुलट-उलट बाजू बोटांनी सांगायच्या, आणि दुपारी टीव्हीवर चित्रपट ऐकायच्या.

एक दिवस त्यांनी अचानक हात वर केला. "बंद कर गं ते."

"का हो आई? आवडला नाही?"

"आवडण्याचं काय त्यात! सगळी माणसं एकाच डब्यात कोंबलीयत. कोण कुठे उभं आहे तेच कळत नाही. बाप बोलतो तिथूनच पोरगी बोलते, तिथूनच आगगाडी जाते." "अगं, मी अर्ध्याहून जास्त सिनेमे पडद्याकडे पाठ करून ऐकलेत. लोकांना बसवताना मागे वळून बघणार कोण? पण कोण दारातून आलं, कोण जिना उतरलं, सगळं कळायचं. आता दिसत नाही याचं मला काही नाही. पण ऐकूही येत नाही."

त्यानंतर त्यांनी टीव्ही लावायला सांगितलंच नाही. दुपारी मशीन थांबलं की घरात एक पोकळी पसरायची. सुई कापडातून काढून पडदेवाली सासूबाईंकडे बघायची. त्या खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसलेल्या असायच्या, आणि त्यांच्या पायाखाली तो मुका डबा.

रिसीव्हर आणायचाच, असं तिने मनाशी ठरवलं आणि कुणाजवळ ब्र काढला नाही.

आधी ती मोठ्या दुकानात गेली. विक्रेता भला होता. तिची पायताणं आणि पिशवी बघूनही त्याने तिला काचेच्या खोलीत मऊ कोचावर बसवलं, दिवे मंद केले आणि म्हणाला, "डोळे मिटा." तिने मिटले. कुठूनतरी पाणी ठिबकायला लागलं. मग एक पाखरू तिच्या डाव्या खांद्याजवळून उडालं, डोक्यावरून गेलं, मागच्या उजव्या कोपऱ्यात फडफडून बसलं. तिने डोळे न उघडता मान वळवली. त्या कोपऱ्यात झाड असणारच, अशी तिची खात्री झाली होती. दिवे लागले तेव्हा झाड नव्हतं, पुठ्ठ्याची खोकी होती. रिसीव्हरवर लटकवलेली किमतीची चिठ्ठी तिने उलटून पाहिली आणि तिचे डोळे पांढरे झाले.

"हप्त्यांवर देतो आम्ही," विक्रेता हळूच म्हणाला.

"नको हो. हप्ता म्हटलं की माझी झोप उडते. आणि माझ्या घरात झोपेशिवाय दुसरी चैन नाही." दोघंही हसले. त्यानेच जाताना सल्ला दिला, की जुना बघा, पण नीट पारखून घ्या. पाच स्पीकर चालवणाराच हवा, दोनवाला घेऊ नका.

मग जुन्याचा शोध सुरू झाला. फोनवरच्या जाहिराती बघून ती कुठे कुठे जाऊन आली. एकाचा रिसीव्हर चालू होता, पण त्यातून सारखी मधमाश्यांसारखी गुणगुण यायची. मालक म्हणाला, "सवय होते." दुसऱ्याकडे पोचेपर्यंत तो विकला गेला होता, आणि त्या घरातल्या बाईने तिला पाणी देऊन परत पाठवलं. तिसरा नेमका दोन स्पीकरांचा निघाला. चालून चालून तिच्या नाकी नऊ आले. पण पाखरू काही डोक्यातून जाईना. रस्त्याने चालताना ती आता कान देऊन चालायची. मागून सायकलची घंटा, डावीकडे शटर वर गेल्याचा खडखडाट, वरच्या मजल्यावर कुणीतरी सतरंजी झटकतंय. सगळं शहर आपापल्या जागेवरून बोलत होतं. हे आपल्याला आधी कधी ऐकू कसं आलं नाही, याचं तिला नवल वाटायचं.

वायरमननेच तिला शेवटी भोंग्याकडे पाठवलं. भोंगा म्हणजे दुरुस्तीवाला. इतका हळू बोलायचा, की समोरच्याला वाकून ऐकावं लागे, म्हणून लोकांनी त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं. त्याचं दुकान रस्त्याच्या वळणावर होतं, पश्चिमेला तोंड करून. ती गेली तेव्हा संध्याकाळचं ऊन खिडकीतून सरळ त्याच्या टेबलावर पडलं होतं, आणि तो एका हाताने डोळ्यांवर आडोसा धरून दुसऱ्या हाताने एका यंत्रातल्या तारांना डाग देत होता.

तिने हकीकत सांगितली. त्याने मान हलवत काहीतरी म्हटलं.

"काय म्हणालात?" ती वाकली.

"म्हटलं, आहे एक. पण मी तो विकत नाही." त्याने खालच्या फळीवरून एक यंत्र ओढलं. शिलाई मशीनच्या डोक्याएवढं जड. "दोनदा विकला, दोनदा परत आला. याची चित्राची बाजू गेलीय. प्लेअरची तार याला जोडायची आणि यातून चित्र टीव्हीला जायचं, अशी रीत. ते जात नाही. तो भाग आता कुठे मिळतही नाही. आवाज तेवढा जातो. लोकांना वाटतं मी फसवलं."

"आवाज पाचही ठिकाणी जातो?"

"अगदी स्वच्छ."

"मग चित्र कशाला हवंय?" ती म्हणाली. "ज्यांच्यासाठी न्यायचाय त्यांना दिसत नाही."

भोंग्याने हातातली डाग देण्याची कांडी खाली ठेवली. मग तो उठला आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्याने बोलायला लागला. तुमच्याकडे डिस्क प्लेअर आहे का, त्याच्या पाठीला एक बारीक चौकोनी झाकण असेल, ते उघडलं की आत तांबडा उजेड दिसेल. त्याने एक काळी, दोऱ्यासारखी बारीक तार काढली, तिचं एक टोक आपल्या दुकानातल्या प्लेअरला लावलं आणि दुसरं तिच्यापुढे धरलं. टोकावर एक तांबडा ठिपका पेटला होता.

"यातून वीज जात नाही. उजेड जातो. आवाज उजेडावर बसून जातो. चित्राला त्याची वेगळी तार, सरळ टीव्हीला. दोघांच्या वाटा निराळ्या. तुम्हाला बघायचं असलं तरी अडचण नाही."

पडदेवालीने जन्मभर दोरे हाताळले होते. असा दोरा तिने पाहिला नव्हता. तिने बोट आडवं धरलं. बोटाच्या कडेला रक्तासारखा लाल रंग उमटला. आईंना हे सांगायला हवं, तिला वाटलं, की तुमचा सिनेमा उजेडातून येणार आहे.

किंमत त्याने अगदी पडती सांगितली. तरी तिच्याजवळचे पैसे थोडे कमीच पडत होते. ती त्याच्या टेबलावरच्या उन्हाकडे बघत म्हणाली, "या खिडकीला पडदा का नाही?"

"लावला होता. उन्हाने विरून गेला."

"अस्तराचा लावायचा. आतून गडद, बाहेरून फिका. मी माप घेऊन जाऊ?"

भोंगा काहीतरी पुटपुटला. तिला ऐकू आलं नाही, पण त्याने खुर्ची बाजूला सरकवली होती. तिने पिशवीतून टेप काढला.

भोंग्याच्या खिडकीला पडदा लागला त्या दिवशी रिसीव्हर घरी आला. वायरमनच्या मदतीने तो वर आणला, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "काय गं, एवढं धापा टाकत काय आणलंस?"

"नवं मशीन."

"खोटं. नव्या मशीनला तेलाचा वास असतो. याला धुळीचा आहे." मग त्यांना कळलं आणि त्या रागावल्या. "माझ्यासाठी हा खर्च कशाला? उद्या मला ऐकूही येईनासं झालं तर?"

"तर मी बसेन ऐकत. आधी पाय उचला. तुमच्या पायाखालचा आता बोलणार आहे."

दोन स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, एक मधे, दोन सासूबाईंच्या खुर्चीमागे. दुपार होती. तिने सगळे पडदे ओढले, उगाचच, आणि सासूबाई म्हणाल्या, "अंधार केलास ना? बरं केलंस." वाचनालयातून आणलेली डिस्क तिने घरच्या जुन्या प्लेअरमध्ये घातली. कुठलासा जुना चित्रपट होता, एका नावाड्याचा.

आधी नुसतं पाणी आलं. ते समोर आलं, मग भिंतींच्या कडेने पसरलं, आणि खुर्चीच्या मागून परत फिरलं. सासूबाईंनी नकळत पाय वर घेतले. नावाडी समोर खोकला. त्याची बायको काठावरून, लांबून, हाका मारत होती. सासूबाईंचा चेहरा मोकळा होत गेला, घडी मोडलेल्या कापडासारखा.

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "चुकलंय काहीतरी."

पडदेवालीने चित्रपट थांबवला. "काय?"

"तो पक्षी. समोर डावीकडून उडाला, आणि एकदम मागे उजवीकडे पोचला. मधे गेलाच नाही. पक्षी अशी उडी मारतो का? परत लाव."

तिने परत लावलं. पक्ष्याने परत उडी मारली. ती खुर्चीमागे रांगत गेली आणि तारांचा माग काढत राहिली. मागच्या दोन्हींची अदलाबदल झाली होती. तिने तारा बदलल्या आणि तिथेच, जमिनीवर, पाठ टेकून बसली. पाणी आलं. पक्षी डावीकडे उठला, डावीकडच्याच भिंतीने मागे आला, तिच्या कानाशी पंख वाजले.

"आता उडाला," सासूबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने अंधारातच त्यांनी हात मागे केला आणि सुनेच्या डोक्यावर ठेवला. "तू खाली का बसलीस? या बाजूला खुर्ची आहे की."

"इथे छान वाटतंय."

"कुठे आहेस आता?"

पडदेवालीने डोळे मिटून पाहिलं. "पाण्यातच आहे, आई."

पुढे त्या दोघींची दुपार तशीच ठरून गेली. मशीन बंद, पडदे ओढलेले. त्या वाळवंटात गेल्या, खाणीत उतरल्या, बर्फातल्या घोड्यांमागे गेल्या. सासूबाई मधूनच कुजबुजायच्या, "जिन्यावर कोणीतरी आहे बघ," आणि पडदेवालीला डोळे उघडावेसेच वाटायचे नाहीत. वाचनालयातल्या बाईंनी एकदा विचारलं, की एवढ्या डिस्क कोण बघतं? "कुणीच नाही," ती म्हणाली, आणि त्या बाई चक्रावल्या. पडद्यांची कामं मात्र थोडी मागे पडली. एका गिऱ्हाइकाने बोलणी ऐकवली, ती तिने निमूट ऐकून घेतली.

अशाच एका दुपारी ट्रकवाला फेरीवरून परतला. कुणाचंतरी घर रिकामं करून, भरून, दोन दिवस रस्त्यावर काढून आलेला. त्याने दार ढकललं, आणि आत एक बाजार भरलेला होता. भाव करणाऱ्या बायका, चाकांचा करकराट, कुठेतरी कोंबड्या. तो उंबऱ्यातच थबकला.

"कोण आलंय?" त्याने विचारलं.

"तूच आलास," सासूबाई म्हणाल्या. "सिनेमातलं दार असं वाजत नाही. ये, बस."

त्याने अंधारात बायकोकडे पाहिलं, मग टीव्हीच्या बाजूंच्या त्या काळ्या डब्यांकडे. तो खोलीच्या मधोमध सतरंजीवर बसला. डोकं एकदा डावीकडे वळवलं, एकदा मागे. मग आडवा झाला. पायातले बूट काढायचेही राहिले, आणि त्याला झोप लागली.

पडदेवाली रिसीव्हरचा आवाज कमी करायला उठली.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "त्याला गर्दीत झोपायची सवय आहे."

तिला त्याला किती सांगायचं होतं: भोंग्याचं, पडद्याचं, त्या तांबड्या उजेडाच्या दोऱ्याचं. ती परत जागेवर बसली आणि डोळे मिटले. बाजार भरतच होता. टोपल्या घेतलेली माणसं झोपलेल्या ट्रकवाल्याच्या चारही बाजूंनी जात-येत होती, आणि कुणाचाही पाय त्याला लागत नव्हता.